दर पावसाळ्यात टर्फचा तोच सांधा उघडतो, त्याची कारणं आणि पक्की दुरुस्ती

जुलैत टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानावर, पाय पडला की दोन पट्ट्यांमधल्या सांध्यातून पाणी चिळकांडीसारखं उडतं. ऑगस्टपर्यंत तिथली कड वर उचलली जाते. दिवाळीच्या आधी माणूस बोलावून सांधा चिकटवून घेतला जातो आणि पुढच्या पावसात त्याच जागी तोच सांधा पुन्हा सुटतो. वसईपासून अलिबाग, रत्नागिरी, मालवण, पणजीपर्यंत किनाऱ्याजवळच्या बॉक्स क्रिकेट आणि फुटबॉल टर्फवर ही तक्रार कायमची आहे. बहुतेक ठिकाणी दोष ग्लूला दिला जातो आणि पुढच्या वर्षी दुसरा, महागडा ग्लू येतो. तोही सुटतो, कारण सांध्याखाली थांबणारं पाणी तसंच राहिलेलं असतं. पाण्याची वाट मोकळी केल्याशिवाय सांधा चिकटवण्यात पैसे घालू नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे.

खाली काय चालतं ते आधी पाहू. टर्फचं पातं पॉलिएथिलीनचं आणि खालचं विणलेलं कापड पॉलिप्रॉपिलीनचं असतं. दोन्ही पाण्यापेक्षा हलकी. टर्फ जागेवर बसून राहतं ते मुख्यतः वरच्या वाळूच्या आणि रबर दाण्यांच्या, म्हणजे भरावाच्या, वजनामुळे. जोराच्या पावसात सांध्याजवळचा भराव वाहून गेला की तिथलं टर्फ खालच्या पाण्यावर उचललं जातं. त्यावर खेळाडू धावला की प्रत्येक पावलागणिक खालचं पाणी दाबलं जातं आणि सर्वांत सोप्या वाटेने, म्हणजे सांध्यातून, बाहेर पडतं. जाताना ते खालच्या कचेची (दगडाच्या चुऱ्याची) बारीक माती सांध्याखालच्या टेपवर, म्हणजे दोन्ही कडा ज्यावर चिकटवतात त्या पट्टीवर, आणून टाकतं. ग्लूची कड एकदा किंचित सुटली की ती माती आत शिरते आणि सांधा पुन्हा मिटत नाही.

उघडलेला सांधा आधी नीट वाचा

सांधा सुटला की लगेच जुना ग्लू खरवडायला घेऊ नका. दोन्ही कडा हातभर उलटवून ग्लूकडे जवळून बघा. काय चुकलं ते तिथेच दिसतं.

ग्लू कापला आणि आत घावनाला पडते तशी जाळी दिसली, तर तो ओलाव्यात लावला गेला होता. दोन घटकांच्या पीयू (पॉलियुरेथेन) ग्लूमधल्या हार्डनरची, म्हणजे त्याला घट्ट करणाऱ्या घटकाची, पाण्याशी क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि ग्लू फेसाळतो. वरून सुकलेला, घट्ट वाटतो, पण आत पोकळ असतो.

ग्लू बोटाला चिकटून फणसाच्या चिकासारख्या तारा सुटत असतील तर दोन शक्यता. एक, दोन घटकांचं प्रमाण चुकलं किंवा डब्याच्या तळाचा भाग नीट घोटला गेला नाही. दोन, पीयूऐवजी बूट-फर्निचरसाठी वापरतात ते रबर सोल्यूशन लावलं. हे सोल्यूशन एप्रिल-मेच्या उन्हात मऊ पडतं आणि सततच्या पाण्यात पकड सोडतं. किनाऱ्यावरच्या उघड्या टर्फसाठी ते वापरू नये.

ग्लूवर थापीच्या दात्यांच्या रेषा जशाच्या तशा उभ्या असतील आणि टर्फची पाठ स्वच्छ असेल, तर टर्फ ठेवायला उशीर झाला किंवा वरून दाब दिला गेला नाही. ग्लूवर साय धरल्यावर ठेवलेलं टर्फ त्याला चिकटत नाही.

ग्लू पक्का आहे, पण त्याच्याबरोबर टर्फच्या पाठीचा काळा किंवा पांढुरका थर निघून आला, तर मामला गंभीर आहे. हा थर बहुधा एसबीआर लॅटेक्सचा, म्हणजे कृत्रिम रबराचा, असतो आणि महिनोन्‌महिने ओला राहिला की तो कुजकट, भुसभुशीत होतो. खात्री करायला सांध्यालगतच्या ओळीतला एक झुपका पकडीने ओढा आणि तसाच एक झुपका टर्फच्या मधल्या, कोरड्या भागातून ओढा. कडेचा हलक्या झटक्याने उपटून आला आणि मधला हलला नाही, तर कडेची पट्टी गेली आहे. तिला कितीही चांगला ग्लू लावला तरी ग्लू जागेवर राहील आणि गवत निघून येईल. ती पट्टी कापून नवी बसवावी लागते.

पाणी नक्की कुठे अडतं

तळ काढलेली प्लास्टिकची बादली घ्या, साधारण ३० सेंमी रुंदीची. जिथे सांधा सुटतो त्याच्या हातभर बाजूला, बादलीच्या काठाएवढ्या गोलातला भराव ब्रशने बाजूला करा, बादली टर्फवर घट्ट दाबून बसवा आणि बाहेरून भिजवलेल्या शाडूने लिंपा. पहिली बादलीभर पाण्याची खेप वाया घालवा, म्हणजे खालचा भाग भिजेल. मग पाणी भरून आतून पट्टी लावा आणि १० मिनिटांत पातळी किती उतरते ते मोजा. ३ सेंमी उतरली तर वेग तासाला १८० मिमी झाला. फुटबॉल टर्फसाठी हाच किमान निकष धरला जातो. आता टर्फची कड उलटवून तीच चाचणी खालच्या उघड्या पायावर, म्हणजे खडी-कचेच्या थरावर, करा.

पायावर पाणी जिरतंय पण टर्फवर नाही, तर टर्फच्या पाठीची भोकं बुजलेली आहेत. ही भोकं ४ ते ६ मिमीची असतात. बारीक रबर, माती आणि शेवाळ यांचा लगदा त्यांत बसतो. भराव काढून, कड उलटवून ती पाठीकडून ५ मिमीच्या बोथट सळईने मोकळी करता येतात. ड्रिल लावू नका, बिटात विणीचे धागे गुंडाळले जातात. दोन्ही ठिकाणी पाणी तुंबत असेल तर पायाच बसला आहे, आणि तिथली कच उकरून, धुऊन घेतलेली खडी-ग्रिट भरून पुन्हा कुटणं याला पर्याय नाही. पाया काँक्रीटचा असेल तर पाणी खाली जिरतच नाही, उताराने कडेला जायला हवं. तिथे ३ मीटरची सरळ ॲल्युमिनियम पट्टी ठेवा. खाली १० मिमीपेक्षा जास्त फट दिसली तर तो खळगा आहे आणि सांधा नेमका त्या खळग्यातून जात असण्याची शक्यता दाट. लेव्हल ट्यूबने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) एकूण उतारही तपासा. १५ मीटर रुंदीला अर्धा टक्का उतार म्हणजे साडेसात सेंमी, एक टक्का म्हणजे १५ सेंमी.

पाणी कडेला पोचतं आणि तिथे अडतं, हे सर्वांत जास्त दिसणारं कारण आहे. कडेच्या बांधाला निचऱ्याची भोकंच ठेवलेली नसतात, किंवा ती टर्फची कड चिकटवताना ग्लूने भरली जातात. त्यापुढचा प्रश्न बाहेर नेणाऱ्या पाइपाचा. ३० बाय १५ मीटरच्या बॉक्सवर तासाला ६० मिमी पाऊस पडला तर सेकंदाला साडेसात लिटर पाणी बाहेर जायला हवं. ११० मिमीचा पीव्हीसी पाइप एक टक्का उताराने पूर्ण भरून वाहिला तर जेमतेम तेवढंच नेतो. त्याच्या तळाला रबर दाण्यांचा थर बसला की संपलं. १६० मिमीचा पाइप त्याच उताराला याच्या अडीचपटीहून जास्त पाणी नेतो, म्हणून नवीन काम करताना तोच टाकावा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला, त्याची सरासरीसुद्धा तासाला ४० मिमीच्या आत येते. तडाखा अर्थातच सरासरीपेक्षा मोठा असतो. तरीही टर्फ तुंबतं ते बहुतेक वेळा पाइपाच्या तोंडाशी.

किनाऱ्यावरची एक खास अडचण भरतीची. टर्फचं पाणी जमा होणाऱ्या चेंबरमधून ते खाडीला मिळणाऱ्या नाल्यात सोडलं असेल तर उधाणाच्या भरतीला नाला उलटा फुगतो आणि खारं पाणी पाइपातून टर्फखाली येतं. पावसाळ्यात पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरतीच्या वेळेला चेंबरचं झाकण उघडून बघा. पाणी आत येताना दिसलं तर पाइपाच्या तोंडाला पीव्हीसीचा झडपेचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा. लोखंडी झडप घेऊ नका, खाऱ्या हवेत ती लवकरच अडकून बसते. भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आला तर झडप बंद राहते आणि आपलं पाणीही बाहेर जात नाही, म्हणून तशा जागी चेंबरात छोटा पंप हवाच.

चेंबरचा तळ बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या किमान ३० सेंमी खाली ठेवा. टायरच्या रबराचे दाणे पाण्यापेक्षा थोडे जड असतात, ते तिथे बसतात. त्यातले बारीक तरंगतात, त्यांच्यासाठी पाइपाच्या तोंडावर जिओटेक्स्टाइलची (पाणी गाळणाऱ्या जाड कापडाची) पिशवी बांधा आणि पावसाळ्यात दर आठवड्याला झटका. हे दाणे खाडीत जाऊ द्यायचे नाहीत. तिथे ते कुजत नाहीत आणि माशांच्या पोटात जातात. युरोपीय संघाने तर असा सुटा प्लास्टिक-रबरी भराव विकायला ऑक्टोबर २०३१ पासून बंदी ठरवली आहे.

दुरुस्ती कधी करायची

कोकणपट्टीत पाऊस पूर्ण थांबल्यावर, ऑक्टोबरच्या अखेरीपासून पुढे. पण तारखेपेक्षा पाया कोरडा असणं महत्त्वाचं. काँक्रीटवर ४५ बाय ४५ सेंमीचा जाड पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी टेप मारून १६ तास ठेवा. उचलल्यावर आतून बाष्प जमलं असेल किंवा काँक्रीट काळवंडलं असेल तर अजून थांबा. खडी-कचेच्या पायावर हीच चाचणी लागू पडत नाही. तिथे कडा दोन दिवस उलटवून उन्हात ठेवा आणि वर्तमानपत्राचा कागद दाबून बघा, कागद ओला होता कामा नये.

डिसेंबर-जानेवारीत हवा छान कोरडी वाटते, पण पहाटे दव पडतं आणि मीठ बसलेल्या पृष्ठभागावर ते उशिरापर्यंत टिकतं. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे डोळ्यांना कोरडा दिसणारा पायाही चिकट-दमट असतो. म्हणून पाया दोन दिवस आधी गोड्या पाण्याने धुऊन वाळू द्या. बोअरचं पाणी मचूळ असेल तर टँकर मागवा. ग्लूचं काम सकाळी ११ ते दुपारी ४ या वेळेतच उरका.

सांधा चिकटवण्याची पद्धत

सुटलेल्या भागाच्या दोन्ही टोकांना ३० सेंमी पुढेपर्यंत सांधा उघडा. दिसायला चांगला वाटणारा तो भाग आतून सुटायला लागलेला असतो. दोन्ही बाजूंचा ५० सेंमी पट्ट्यातला भराव व्हॅक्यूमने काढून, चाळून पोत्यात भरून ठेवा. कडा उलटवून त्यांवर वाळूची पोती ठेवा. जुनी टेप पूर्ण काढा. टर्फच्या पाठीवरचा सैल, फेसाळ ग्लू पत्र्याने खरवडा. जो घट्ट बसलाय तो उपटायला गेलात तर लॅटेक्स निघेल, त्याला फक्त तारेच्या ब्रशने खरखरीत करा.

कड फाटलेली असेल तर पाठीकडून, झुपक्यांच्या दोन ओळींच्या मधून, सरळ कापा. ब्लेड दर पाच-सहा मीटरला बदला. बोथट ब्लेडने ओळ कातरली जाते आणि सांधा दुरून दिसतो. दोन कडा जुळवल्यावर सांध्यापलीकडच्या ओळींमधलं अंतर टर्फमधल्या इतर ओळींएवढंच भरलं पाहिजे. फट ५ मिमीपेक्षा मोठी असेल तर टर्फ ताणून जुळवू नका. ते ताणलेलं टर्फ रात्रीच्या गारव्यात आकसून ग्लूवर सतत ओढ ठेवतं. त्याऐवजी किमान ३० सेंमी रुंदीची पट्टी मध्ये घाला, दोन्ही बाजूंना टेप लावून. पट्टीच्या गवताचा कल बाकीच्या टर्फच्याच दिशेने हवा, नाहीतर ऊन पडलं की ती पट्टी वेगळ्या रंगाची दिसते.

टेप ३० सेंमी रुंदीची घ्या, सांध्याच्या बरोबर मध्ये, सुरकुती न ठेवता अंथरा. दोन घटकांचा पीयू ग्लू वजन करूनच मिसळा, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात. अंदाजाने ओतलेला हार्डनर हे फसलेल्या सांध्यांचं फार मोठं कारण आहे. ड्रिलला घोटणी लावून कमी वेगाने ३ मिनिटं घोटा, मध्ये एकदा डब्याच्या कडा आणि तळ खरवडून आत घ्या. एका वेळी ८-१० मीटरला पुरेल एवढाच माल करा. मीटरला ४०० ते ५०० ग्रॅम लागतो, म्हणजे १० मीटरला ४ ते ५ किलो. आपल्याकडच्या ३० अंशांच्या हवेत तो साधारण २० ते ३० मिनिटं कामाचा राहतो, उन्हात ठेवलेल्या डब्यात त्याहून कमी. डबा सावलीत ठेवा. हातमोजे आणि बाष्पासाठीचा मास्क घाला, हार्डनरची वाफ छातीला त्रासदायक असते.

३-४ मिमी दात्यांच्या थापीने टेपच्या दोन्ही कडांना ३-३ सेंमी सोडून ग्लू पसरा. आधी एक कड खाली सोडा, मग दुसरी. ती सोडताना एकाने पातं बोटांनी किंवा फणीने मागे सारत जायचं. ग्लूत अडकलेलं पातं नंतर निघत नाही. पात्यावर ग्लू लागलाच तर ओला असतानाच ॲसिटोनने ओलसर केलेल्या फडक्याने पुसा, ॲसिटोन पाठीपर्यंत झिरपू देऊ नका. लगेच सांध्यावरून पावलाला पाऊल लावून चाला, त्यानंतर सलग २५-३० किलोची पोती मांडा. अर्ध्या-पाऊण तासाने पोती हलवून पुन्हा एकदा दाब द्या. दात्यांच्या रेषा पूर्ण चपट्या होऊन ग्लू पाठीला लागला पाहिजे. २४ तासांनी पोती काढून भराव टाका, खेळ ४८ तासांनी.

भर पावसात सांधा सुटला तर

जुलैत ग्लू लावू नका, ते काम वायाच जाणार. बुकिंग रद्द करायची नसेल तर सांधा शिवून घ्या. गादीवाल्याची वाकडी सुई आणि जाळं विणायचा जाड पॉलिएस्टर किंवा नायलॉनचा दोरा घ्या. पातं बाजूला सारून, कडेपासून दीड-दोन सेंमी आत, फक्त पाठीच्या कापडातून दर २ सेंमीला टाका घाला. टाके पात्याच्या मुळाशी लपले पाहिजेत. वर वाळू भरून वजन द्या. एवढ्यावर हंगाम निघतो, पडणाऱ्याचा पाय वाचतो. खिळे किंवा लोखंडी पिना ठोकू नका. खाऱ्या हवेत त्या गंजून तुटतात आणि टोकं भरावात राहतात.

भराव मोजा, अंदाज नको

पावसाळा संपल्यावर टर्फवर किमान १० ठिकाणी भरावाची खोली मोजा. व्हर्नियर कॅलिपरच्या मागे निघणारी बारीक दांडी यासाठी उत्तम. गोलपुढे, फलंदाजाच्या जागी आणि प्रत्येक सांध्यावर मोजलंच पाहिजे. एका चौरस मीटरवर १ मिमी थराला सिलिका वाळू दीड किलो लागते, रबर दाणे साधारण अर्धा किलो. ३० बाय १५ मीटरच्या बॉक्सवर सरासरी ३ मिमी वाळू कमी भरली तर दोन टनांची तूट, म्हणजे ५० किलोची ४० पोती. एवढं वजन टर्फवरून नाहीसं झालंय हे नुसतं बघून लक्षात येत नाही.

वाळू गोल दाण्याची, धुतलेली, कोरडी सिलिका हवी. सिंधुदुर्गात कासार्डे-फोंडा भागात ती निघते. समुद्राची वाळू कधीच भरू नका. तिच्यातलं मीठ ओल धरतं, शिंपल्यांचे धारदार तुकडे पातं आणि खेळाडूचे गुडघे दोन्ही कापतात, त्यांचा चुरा भोकांत बसतो, आणि किनाऱ्यावरून ती उचलणं बेकायदेशीरही आहे.

आठवड्यातून एकदा प्लास्टिकच्या केसांचा ब्रश गवताच्या कलाविरुद्ध फिरवा. सांध्यालगत तो सांध्याच्या रेषेत चालवा, आडवा ओढला तर कड उचलली जाते. त्याच फेरीत चुंबकाची पट्टी ओढली तर जाळीच्या तारांचे गंजके तुकडे निघतात. नोव्हेंबर ते मे दर पंधरा दिवसांनी गोड्या पाण्याने मीठ धुवा. माडाच्या किंवा भिंतीच्या सावलीत शेवाळ धरतंच. त्यावर ५० टक्क्यांचं बीकेसी (बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे जंतुनाशक), जे कोळंबी शेतीच्या औषधांच्या दुकानात मिळतं, १० लिटर पाण्यात २०० मिली घालून कोरड्या दिवशी फवारा आणि दोन दिवसांनी मेलेलं शेवाळ झाडून काढा. हे द्रावण माशांना विषारी आहे. पावसाच्या तोंडावर फवारू नका आणि उरलेलं गटारात ओतू नका.

जाळीच्या खांबांचं बूड हेही पाणी आत जाण्याचं ठिकाण आहे. खांबाभोवती टर्फ गोल कापलेलं असतं आणि तिथून एक सांधा निघतो. खांब गंजला की बुडाचं काँक्रीट तडकतं आणि पाणी थेट त्या सांध्याखाली उतरतं. प्रत्येक खांबाला टर्फच्या वर १५ सेंमी उंचीची, बाहेर उताराची काँक्रीटची कॉलर घाला आणि खांब-कॉलरच्या फटीत पीयू सीलंट भरा. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ही फट, चेंबर, झडप आणि प्रत्येक सांध्यावरचा भराव एकदा हाताने तपासून घ्या.